पांडूची टिंबं आणि अविवाहित मामा

पांडू गेल्याचं जानकीनं, त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी चेन्नईत मुलाकडे होतो. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सावकाश या, सीनू भावजी. घाई तर तेही कधी करलें नाहींत." डोळे पुसता पुसता मला हसू आलं... पांडू गेलाही तसाच, दुपारची कापी, म्हणजे आमची कॉफी, पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या.

आम्ही दोघे कुंभकोणमचे, मेलकावेरीतले शेजारी. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ऐंशीच्या दशकात मी बँकेत संगणकावर बसलो आणि पांडू कॉलेजात संगणक शिकवू लागला. माझा विश्वास तक्त्यांवर. माणसांचा एक तक्ता, लग्नांचा दुसरा; काही विचारायचं तर दोन्ही एकमेकांना जोडत बसायचं. पांडू म्हणे, माणूस प्रश्न विचारताना तक्ते जोडत नाही, नात्यावरून चालत जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं आपली स्वतःची प्रश्नभाषा रचली. 'मुलगी' लिहून टिंब, 'आई' लिहून टिंब, 'भाऊ' लिहून टिंब, मग 'गोत्र'. खालचे तक्ते जोडण्याची हमाली त्याचा प्रोग्राम गुपचूप करी. त्याच्या हिशेबी प्रत्येक माणूस एकच. मग त्याच्यापर्यंत कुठल्याही नात्यानं पोहोचा.

आमच्या समाजाच्या वधूवर मंडळानं ही भाषा घ्यावी, एवढीच त्याची हौस होती. मंडळाला ती आवडली की तंजावर, मदुरै, सगळीकडची आमची माणसं तिच्यात बोलतील, असं तो म्हणे. घरोघरची माहिती टंकायचं काम मी अंगावर घेतलं.

जवळच्या गोविंदपुरम्‌ला भजनासाठी सगळे जमले होते, तेव्हा त्यानं संगणक मांडला. एका आजोबांनी परीक्षा म्हणून विचारलं, आमच्या कमलीच्या मामाचं लग्न झालंय का? पांडूनं टिंबं दिली. पडद्यावर उत्तर आलं, अविवाहित. आता, महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे मामा-भाचीचं लग्न चालतं. कमलीचा मामा रघू हाच कमलीचा नवरा, आणि दोघं पुढच्याच रांगेत बसलेली. कमलीनं शांतपणे विचारलं, "मग हें माझ्या शेजारी बसलें आहे तें कोण?"

हॉलमध्ये जो हशा उसळला, त्यात मीही होतो. पांडू सगळ्यांत मोठ्यानं हसला. मंडळानं मात्र त्याची भाषा बाजूला ठेवली आणि माझा साधा तक्त्यांचा प्रोग्राम घेऊन मला शाल घातली. पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत पांडूची चेष्टा चाले, आणि तोच ती रंगवून सांगे.

त्या भजनाहून घरी येऊन मी नोंदी उघडल्या तेव्हा खरं काय ते दिसलं. कमलीच्या माहेरच्या माहितीवरून रघूला मी मामा म्हणून टंकलं होतं आणि सासरच्या माहितीवरून नवरा म्हणून पुन्हा टंकलं होतं. एका रघूचे मी दोन रघू केले होते, तेही त्याच्या लग्नात पोटभर जेवून! पांडूची भाषा बरोबर मामाकडेच गेली. त्या बिचाऱ्या मामाचं लग्न मी नोंदलंच नव्हतं. मी गप्प राहिलो. मंडळानं घातलेली शाल सुखाची वाटत होती.

तेराव्यानंतर मी हे जानकीला सांगितलं. तिनं कापी पुढे सरकवली. म्हणाली, "त्यांना ठाऊक होतें."

"मग बोलला का नाही?"

"मी विचारलें की. म्हणाले, सीनू मग लाजून यायचा नाही. कापी कोणासंगे पिऊं?"

गेल्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं. कमलीनं, आता सत्तरीच्या कमलीनं, रघूकडे वळून पाहिलं. "म्हणजे येवढीं वर्षें माझा संसार खराच होता म्हणायचा." पुन्हा तोच हशा, या खेपेला माझ्या वाट्याचा. तो मला हवाच होता.

बैठक संपल्यावर मुलासाठी स्थळ पाहणाऱ्या एक बाई एका मुलीची चौकशी करत होत्या. मुलीची आई, तिचा भाऊ, त्याचं गोत्र... आणि प्रत्येक नात्यानंतर त्यांचं बोट टेबलावर हलकेच टेकत होतं. पांडू भाषा समजावताना टिंब असं द्यायचा. मी विचारलं, हे कुठून शिकलात? त्या बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, "शिकायचें काय त्यांत? आमच्यांत सगळे असेंच विचारतात."