बोलावणाऱ्याचं नाव

त्यानं माझा अंबाडा धरून डोकं मागं खेचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. लाल साटीनची, मागं घट्ट गाठ मारलेली. मला काही दिसत नव्हतं. गर्दी हसत होती ते ऐकू येत होतं, आणि माइकवरची बाई ओरडत होती, "देखिए, देखिए, फॅन का प्यार!"

खेळच तसा होता. क्रिएटरचे डोळे बांधायचे आणि तिला लाइव्हवर सगळ्यात जास्त गिफ्ट, म्हणजे पैसेच, पाठवणारा माणूस समोर उभा करायचा. तिनं हात चाचपून ओळखायचं, हा कोण. गोंदियातलं लग्नाचं लॉन, त्यात आमच्या लाइव्हच्या ॲपवाल्या कंपनीचा मेळावा. भर दुपार. खुर्च्या, कूलर, आणि कंपनीच्या फोनवर सगळं लाइव्ह. खेळाचं मला स्टेजवर चढल्यावर कळलं. नाही म्हणायच्या आत पट्टी बांधून झाली होती.

समोरच्याचे हात गार होते, ओलसर होते. मी ते चाचपत हसत होते. हो, हसत होते. लाइव्हवर हसायची सवय लागलेली. मग तो माझ्या कानाशी वाकला. "निळा दरवाजा," तो म्हणाला. "बाजूला सीताफळाचं झाड."

नवेगावबांध गावात माझ्या घराचा दरवाजा निळा आहे. मी हात सोडले तर त्यानं अंबाडा धरला.

मी घरच्या चुलीपाशी बसून लाइव्ह करायची. मासोळी तळता तळता झाडीबोलीत बडबड, टोमणे, मध्येच एखादं गाणं. सुरतेला, पुण्याला दिलेल्या आमच्याकडच्या लेकी ऐकायच्या. लिहायच्या, ताई, तुझं बोलणं ऐकलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं. नवरा कोहमारा गावच्या ट्रकवर ड्रायव्हर, पोरगी आठवीत. तिची शाळा माझ्या या बडबडीवर चालायची. तोंड चालवून घर चालवत होते, म्हणा.

तो माणूस सात महिने माझ्या लाइव्हला होता. आधी साडीचा रंग विचारायचा. मग नवरा किती वाजता निघतो ते. मग एक दिवस दरवाजाचा रंग लिहिला. मी त्याला तीनदा ब्लॉक केलं. तो तीनदा नव्या आयडीनं आला. तिन्ही वेळा मी कंपनीला लिहिलं. तिन्ही वेळा एकच ओळ आली, "आपकी सुरक्षा हमारे लिए महत्वपूर्ण है।" पुढं काही नाही. मेळाव्याचं आमंत्रण आलं तेव्हा आमच्या भागातल्या क्रिएटरांचं पाहणाऱ्या मॅनेजरला मी फोन केला. म्हटलं, तो माणूस आत येता कामा नये. "बिलकुल मॅडम," तो म्हणाला, "आप टेन्शन मत लो।"

नवरा म्हणाला होता, "मी येतो संग."

मी म्हटलं, "कायले? त्यायनं बोलावलं, ते पाहतील."

माझी चूक ती. मूर्ख नव्हते मी. मला तसं शिकवलं गेलं होतं. लग्नाआधी सहा हिवाळे मी झाडीपट्टीच्या नाटकात काम केलं. गावोगाव जायचो. गावातलं जे मंडळ नाटक बोलावतं, त्याचं नाव पत्रकावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आम्हा नटनट्यांची नावं खाली. एका गावात एका पिलेल्यानं आमच्या पोरीचा पदर ओढला. मंडळाचा अध्यक्ष स्टेजवर चढला, नाटक थांबवलं, माइकवर हात जोडून म्हणाला, "चूक आमची आहे. हिले आमी बोलावलं." फार सज्जन माणूस होता असं नाही. तोच अध्यक्ष मागं आम्हाला नाचणाऱ्या म्हणायचा. पण नाव त्याचं वर होतं. बोभाटा झाला असता तर पुढच्या वर्षी त्या गावात एकही नाटक कंपनी आली नसती. म्हणून तो चढला. मला वाटलं, मोबाइलवाली कंपनीही चढेल.

मी पट्टी उपसून फेकली. समोर तो. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, मनगटावर कंपनीचा सोनेरी पट्टा, खास पाहुण्यांचा. मी हात उगारला. स्टेजवर एकच बाउन्सर होता. त्यानं हात धरला, तो माझा.

मला नवरीच्या खोलीत नेऊन बसवलं. आरशाला आधीच्या कुठल्या तरी नवरीच्या टिकल्या चिकटलेल्या. कंपनीचा मोठा साहेब आला. अदबीनं बोलला. "आपका लाइव आज सबसे ऊपर गया है। आपको तो खुश होना चाहिए।" मग कागद पुढं केला. जे झालं तो खेळाचा भाग होता, माझी संमती होती, तक्रार नाही. "साइन कर दीजिए। नहीं तो आईडी बंद करनी पड़ेगी।" मॅनेजर फोनमध्ये डोकं घालून उभा होता.

मी म्हटलं, "मी तुमाले सांगतलं होतं, याले आत घेऊ नोका."

साहेबानं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "सर, टॉप गिफ्टर है।" एवढंच. साहेबाला पटलं.

मग त्यांनी त्या माणसाला आत आणलं, माफी मागायला. तो माझ्या पाया पडला. पडता पडता त्यानं माझ्या पायातलं जोडवं बोटानं चाचपलं, सावकाश. वर पाहून हसला. साहेब म्हणाला, "हो गया ना? भाई ने माफी माँग ली।"

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. पोरीची शाळा डोळ्यांपुढं आली. ते माहेरी गेल्यासारखं वाटणाऱ्या लेकींचं बोलणं आठवलं. मी सही करणार होते. कागदावर पेन टेकवलं होतं.

तेवढ्यात बाहेर माइकवर पुढचं नाव घेतलं. आमगावची पोरगी. एकोणीस वर्षांची, डान्सचे लाइव्ह करणारी. सकाळी तिनंच माझ्या पदराला पिन लावून दिली होती. "और अब बाँधते हैं पट्टी!"

खिडकीतून स्टेज दिसत होतं. माझी फेकलेली पट्टी कोणीतरी उचलली होती. धूळ झटकली असेल. तीच आता तिला बांधत होते.

पेन खाली टाकलं. मी उठले. साहेब म्हणाला, "मॅडम, पहले साइन।" मी दार उघडून स्टेजवर गेले आणि तिच्या डोक्यामागची गाठ सोडली. ती वळून माझ्यावर खेकसली, "ताई, माहा शो कायले खराब करून राहिली वो?" खालून आरडाओरडा, "उतारो इसको!" एक पाण्याची बाटली येऊन खांद्यावर आदळली. मी माइक ओढला. "मले यायनं बोलावलं," मी म्हटलं. "या कंपनीनं. पैले हे गुन्हेगार. तो माणूस मंग." माइक बंद केला त्यांनी. पट्टी माझ्या मुठीत राहिली.

पोलिस ठाण्यात एक बाई लिहून घेत होत्या. त्यांनी वर त्या माणसाचं नाव लिहिलं. नवरा कोहमाऱ्याहून आला होता. म्हणाला, "त्याचं नाव देलं ना? चाल आता घरी."

मी म्हटलं, "नाई. वर कंपनीचं लिहा."

बाई म्हणाल्या, "अवो, कंपनी काय तुमचा अंबाडा धराले आली होती?"

मी पट्टी टेबलावर ठेवली. तीन तक्रारींचे, तीन उत्तरांचे फोटो दाखवले. "त्याच्या मनगटावर पट्टा कंपनीनं बांधला. माह्या डोऱ्यावर पट्टी कंपनीनं बांधली. मंग सांगा, त्याले काय कराले उरलं होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला.

माझी आयडी त्याच दिवशी बंद झाली. चुलीपाशी आता मी मुकाट्यानं मासोळी तळते. गावात बाया म्हणतात, गेलीच कायले. आमगावच्या पोरीनं मला ब्लॉक केलं. ते मला लागलं, खोटं नाही. शेजारी म्हणतात, दरवाजाचा रंग तरी बदल. मी बदललेला नाही.

परवा मॅनेजरचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. तक्रारीतून कंपनीचं नाव काढलं तर आयडी सुरू. पुढच्या मेळाव्यात दोन बाउन्सर, "सिर्फ आपके लिए।"

मी विचारलं, "आमगावच्या पोरीले किती?"

तो मग म्हणाला, "मॅडम, वो अलग बात है।"

"मंग नाव काढत नाई," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता कंपनीचं वकिलामार्फत इंग्रजीत उत्तर आलंय. जे झालं ते एका व्यक्तीनं केलं, आमचा संबंध नाही. मी ते पोरीकडून दोनदा वाचून घेतलं. मग तिला म्हटलं, नीट घडी करून पेटीत ठेव, लागणार आहे. तारखा पडतील, मी गोंदियाला जाईन. ते दहा वर्षं लांबवतील, मी दहा वर्षं जाईन. तो माणूस कागदावर दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत कंपनी आहे, आणि ती ओळ मी खोडू देणार नाही.