दौलतरावांच्या नावाचं पाणी

नागपूरच्या प्रताप नगरातल्या मारोतराव झाडेंचा दिवस कसा सुरू होतो हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. पहाटे आंघोळ, देवपूजा, आणि मग मागच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून तर्पण. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं. पहिलं नाव वडिलांचं, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. नंतर पोथीचं एक पान, गाईला पोळी, कावळ्याला घास, आणि जेवायला बसण्याआधी फाटकात उभं राहून कोणी भुकेला दिसतो का ते पाहायचं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला असताना रात्रपाळी करून सकाळी क्वार्टरवर आले तरी त्यांनी हे चुकवलं नाही. सोबतचे हसायचे. मारोतराव म्हणायचे, संसारी माणसाला एवढं तरी करावंच लागतं.

तर्पणाला कारण होतं. त्यांचे वडील दौलतराव इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात कारकून होते. १९८४ च्या पावसाळ्यात ते सकाळी डबा घेऊन निघाले आणि परत आले नाहीत. पोलिसात तक्रार झाली, नातेवाइकांनी दवाखाने, घाट, धर्मशाळा पालथ्या घातल्या. बारा वर्षं गेली. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचे विधी करून टाकावेत, असं थोरांनी सांगितलं. मारोतरावांची आई रुख्मिणी तयार नव्हती. तिनं बारा वर्षं कुंकू लावलं होतं आणि तिला अजून लावायचं होतं. मारोतरावांनीच तिला समजावलं. बाबांच्या जिवाला गती मिळायला नको का, हे त्यांचं म्हणणं तिला खोडून काढता आलं नाही. पळसाच्या पानांचा माणूस रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि मारोतरावांनी घाटावर त्याला अग्नी दिला. बावन्न वर्षांच्या रुख्मिणीनं त्या दिवशी कपाळ पुसलं. बाबांचा देह मिळाला नाही, म्हणून त्यांना तहान जास्त लागत असेल, असं मारोतरावांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून रोज पाणी. अठ्ठावीस वर्षं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना मध्य प्रदेशातल्या सिवनीहून फोन आला. बाई हिंदी-मराठी मिसळून बोलत होती. तिनं नाव पुष्पलता सांगितलं, अंगणवाडीत काम करते म्हणाली. तिच्या वडिलांना जानेवारीत अर्धांगवायू झाला होता आणि तेव्हापासून ते मारोती, खापरखेडा, एवढंच बडबडत होते. वीज केंद्रातल्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिनं हा नंबर मिळवला होता. वडिलांचं नाव तिनं सांगितलं, दौलतराव झाडे.

मारोतरावांनी फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं त्याच नंबरवरून फोटो आला. खाटेवर एक म्हातारा, डाव्या कानाची पाळी फाटलेली. लहानपणी मारोतराव त्या फाटलेल्या पाळीशी खेळायचे. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. बायको तारानं काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी तो फोटो तिच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी ते तांब्या घेऊन अंगणात उभे राहिले. पहिलं नाव घ्यायचं कसं? आणि ते सोडून दुसऱ्या नावावर जायचं कसं? तांब्या तसाच घेऊन ते घरात आले. दुपारी गुरुजींकडे गेले. वडील हयात असताना मुलानं रोजचं असं पितृतर्पण करायचं नसतं, असं गुरुजींनी सांगितलं. मग दिलेल्या पाण्याचं काय, असं मारोतरावांनी विचारलं. विधी झालेला माणूस परत आला तर त्याचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करतात, शास्त्रात तशी सोय आहे, असं गुरुजी चाचरत म्हणाले. मारोतराव उठले.

रविवारी त्यांचा मुलगा जितेंद्र त्यांना गाडीनं सिवनीला घेऊन गेला. रुख्मिणीला काहीच सांगितलं नव्हतं. तीन तासांचा रस्ता. चाळीस वर्षं बाबा तीन तासांवर होते.

दौलतरावांनी मुलाला ओळखलं. जीभ जड झाली होती, पण कळत होतं. ते तिथल्या लाकडाच्या डेपोत हिशेबनीस होते, एका बाईसोबत संसार केला, पुष्पलता तिचीच मुलगी. संन्यास नव्हता, अपघात नव्हता, डोक्यावर परिणामही नव्हता.

"बाबा, काहून गेलते तुम्ही?"

"तुले नोकरी लागली होती. घर चाललं असतं. म्हणून गेलो."

मारोतरावांना वाटलं, पुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. नागपूरला चलता का, असं त्यांनी विचारलं तर म्हाताऱ्यानं मान हलवून नाही म्हटलं.

घरी आल्यावर ते आईच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. आई रडेल, कोसळेल, आपल्याला बोल लावेल, याची तयारी त्यांनी केली होती. ऐंशी वर्षांची रुख्मिणी डोळ्यांची पापणी न हलवता ऐकत राहिली.

"त्याले इकडं आणजो नको," ती म्हणाली. "तुले जायचं तर तू जात जा." मग तिनं विचारलं, "अन् ते बाई?"

"ते वारली, माय. आठ वर्षं झाले."

"नाव काय होतं तिचं?"

मारोतरावांनी ते विचारलंच नव्हतं. आईनं त्यांना तिथेच फोन लावायला लावला. पुष्पलतानं नाव सांगितलं, फूलवती. रुख्मिणीनं ते एकदा पुटपुटून पाहिलं आणि झोपायला गेली.

सकाळी तिनं ताराकडून पाणी तापवून घेतलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. तिला सर्दी होती, मारोतराव धावत गेले. ओले केस पाठीवर सोडून ती भिंतीच्या आधारानं बाहेर आली.

"घरचं माणूस गेल्याचं कळलं का आंघोळ करा लागते," ती म्हणाली. "मले कालच कळलं."

तर्पण, पूजा, गाय, कावळा, अतिथी, तो फोन येईपर्यंत इतक्या वर्षांत मारोतरावांनी एक दिवस चुकवला नव्हता. सिवनीहून परततानाही त्यांच्या मनात फक्त बाबा होते. फूलवतीच्या जाण्याचं सुतक आपल्या घरातही कोणाला लागतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आई उन्हात खुर्ची ओढून केस वाळवत बसली. ते न्हाणीच्या दारातच उभे राहिले. तारानं चहाला दोनदा हाक मारली, तरी त्यांना ती ऐकू आली नाही.