गाठ नाही, पू हाय

त्या संध्याकाळी आमी दोघं ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दाणे टोपल्यात कमी, माह्या तोंडात जास्त जाऊन राहिले होते. बायको म्हणे, "अजी, बकरी बसवली असती तं तिनंबी एवढे खाल्ले नसते." मी म्हटलं, "बकरीनं तुये बोलणे आयकूनबी घेतले नसते." हसली. जेवली, झोपली, अन् सकाळी उठलीच नाही. हृदय बंद पडलं.

भेटायले येणारे विचारतात, "पाठीच्या दुखण्यानंच गेली का?" नाही बाप्पा. पाठ केव्हाच बरी झाली होती. शेवटल्या दिवशीबी डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन आली. ते दुखणं कसं सापडलं, तेच सांगतो. त्याच्यावर आमी मागून लय हसलो.

तेव्हा ती भिंत धरून चालायची. दिवस मावळला का ताप, अन् अंगावरची चोळी ढिली पडलेली. मोर्शीत गोळ्या झाल्या, मग अमरावतीत एमआरआय झाला. रिपोर्टात होतं, मणका खराब झाला, गाठ असू शकते नाहीतर इन्फेक्शन. नातेवाइकांनी 'गाठ' तेवढं आयकलं. माही साळी, तिची बहीण, येऊन तिच्या गळ्यात पडून रडली. बायको म्हणे, "मी मेली नाही अजून. चहा मांड."

मले झोप नव्हती. ही वाचते का नाही, एवढंच मले पाहिजे होतं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरेतून औषध सोडून पुन्हा फोटो काढू, त्यात नीट कळते. मशीनवरची पोरगी म्हणे, "आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढा."

"मंगळसूत्र नाही काढत. नवरा जित्ता हाय माहा."

"अवं, काढ न. हा काय उभा हाओ मी!"

"तुमचा काय भरवसा?"

शेवटी किराणा दुकानातून हळकुंड आणलं, पिवळ्या दोऱ्यात ओवलं अन् तिथंच, मशीनच्या दारात, तिच्या गळ्यात बांधलं. नंबर लावून बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर उखाणा घ्यायले सांगितलं. तिनं घेतलाबी, ताप असून!

मग डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. "हे पाहा आजोबा. कॅन्सर बहुतेक हाड खातो, दोन मणक्यांमधली गादी सोडून देतो. इथं गादीही खाल्ली आहे. अन् बाजूला ही पिशवीसारखी दिसते ना, त्यात पू आहे. औषधानं तिची नुसती कडा उजळली. गाठ असती तर बहुतेक आतपर्यंत उजळली असती. मला टीबी वाटतो. सुईनं पू काढून तपासू, मग पक्कं सांगते."

"टीबी बरा होते?"

"नेमानं गोळ्या घेतल्या तर होतो."

सुईच्या तपासणीतबी टीबीच आला. फुप्फुस साफ होतं, हाडातला टीबी खोकल्यानं पसरत नाही, हेबी बाईंनी समजावलं.

येताना एसटीत मी साळीले फोन लावला. मले हळू बोलता येत नाही. "रडू नको व! गाठ नाही, पू हाय! टीबी निघाला, टीबी!" पुढची सीट रिकामी झाली. मग बाजूची. कमरेले पट्टा बांधलेली माही बायको सीटवर ऐसपैस आडवी झाली अन् म्हणे, "बोलत राहा अजी, जागा मस्त झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिले पहिल्या गोळ्या दिल्या, हलवायाकडून पेढे आणले अन् गल्लीत वाटायले निघालो. पहिल्याच घरी विचारलं, "काय आजोबा, नातू झाला का?"

"नाही, म्हातारीले टीबी झाला," म्हटलं. "घ्या, दोन घ्या."