चारशे सतरा नंबरच्या झुंबरबाई

धाड गावच्या झुंबरबाई गोधड्या शिवायच्या. मेलेल्या आईची लुगडी लोक त्यांच्याकडेच आणून द्यायचे, दुसऱ्या कोणाच्या हाती देववायची नाहीत. एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेलेला, म्हणजे ही सगळी शिलाई उरलेल्या एका डोळ्यावर. त्यातही मोतीबिंदू उतरला, म्हणून त्या आमच्या नेत्रशिबिरात आल्या. त्यांची नोंद करणारा ऑपरेटर मीच, अकरम.

आमच्या नोंदणीच्या कॉम्प्युटर प्रोग्रामची रीत साधी होती. यादीतला सर्वांत मोठा नंबर बघायचा, त्यात एक मिळवायचा आणि नव्या माणसाला द्यायचा. एका खिडकीवर वर्षभर बिनबोभाट चाललं. मग बाजाराच्या दिवशी गर्दी होते म्हणून बायांची खिडकी वेगळी केली आणि तिथे दुसरा कॉम्प्युटर मांडून मला बसवलं. दोन्ही कॉम्प्युटरनी एकाच क्षणी चारशे सोळा पाहिला आणि दोघांनीही चारशे सतरा दिला. तिकडे गुलाबराव नावाच्या म्हाताऱ्याला, इकडे झुंबरबाईंना. एक नंबर दोघांना द्यायचा नाही, हे डेटाबेसला कोणी बजावलंच नव्हतं.

गुलाबरावांचं ऑपरेशन झालं. कोणीतरी चारशे सतरापुढे 'पूर्ण' दाबलं आणि दोन्ही नोंदी पूर्ण झाल्या.

बाई दर बाजाराला यायच्या. मी कार्डावरचा नंबर टाकायचो, 'पूर्ण' दिसायचं, की परत पाठवायचो. स्क्रीनवरून मान वर करायची नाही, एवढा मी शहाणा. तिसऱ्या खेपेला त्या खिडकीशी वाकल्या.

"बाबू, माह्या डोयात पाह्य ना. झालं असतं त मले सुई दिसली नसती का?"

मागे रांग कुरकुरत होती. डॉक्टरांना विचारतो म्हणालो आणि विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

चार महिन्यांनी डोळा ठणकायला लागला तेव्हा सून अश्विनीने त्यांना थेट डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला होता. नजर गेली ती गेलीच.

तेव्हा कुठे एकच नंबर दोघांना गेल्याचं उघड झालं आणि प्रोग्राम बदलला. आता नोंद घालताना नंबर डेटाबेस स्वतःच देतो आणि एक नंबर एकालाच मिळतो. शिबिराच्या साहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

ठणका थांबवायच्या थेंबांसाठी बाईंना नवं कार्ड लागलं. मी ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी शिवण तपासावी तसं ते बोटांनी चाचपलं.

"अकरमबाबू, हा नंबर त माह्या एकटीचाच हाय ना?"

हो म्हणालो.