स्टिअरिंग बॉक्सचं तेल

चाकणजवळच्या आमच्या शेतावर वडिलांनी जुना ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्याच्या स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळायचं. थोरल्या भावाने आणि मी तो खोलून जुन्या मोटेच्या चामड्याचा वायसर कापून बसवला. सकाळी खालची माती कोरडी होती. वडील खूश झाले.

पण नांगरताना स्टिअरिंग फारच जड लागलं. बूच काढून आत काडी घातली, तर तिला तेलाचा डागही नाही.

"तेल भरलं व्हतंस ना?" भावाने विचारलं.

"न्हाई. मला वाटलं, दादा, तू भरलंस."

मग आमची दुरुस्ती जमली होती का, हेच कळेना. तेल भरून दोघं तिथेच उकिडवे बसलो. दुपारी एकच थेंब पडला. तो आतून गळला की भरताना सांडलेला ओघळला, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.