चक्रीच्या कडेचे घोडे

जेवण अंमळ जास्तच झालं आहे. केळुसकर सरांच्या दिवाणावर शाल्मली नुसती पाठ टेकवायची म्हणून आडवी होते, आणि स्वयंपाकघरातला काकूंच्या भांड्यांचा आवाज हळूहळू लांब जायला लागतो. संध्याकाळपर्यंत शोधनिबंध पाठवायचा आहे. सगळं तयार आहे, अडलंय ते एका नावावर. सर जाऊन वर्ष होत आलं. काम गुरू-शिष्येनं मिळून सुरू केलेलं, पण निष्कर्ष निघाला तो सरांच्याच सिद्धांताला सुरुंग लावणारा. "त्यांच्या विरुद्ध लिहायचं, आणि वर नाव त्यांचंच?" काकूंनी जेवताना विचारलं होतं. शाल्मलीनं उत्तर टाळायला आणखी भात वाढून घेतला होता.

"निजलंस काय गो?"

पायाशी सर बसलेत, चपला काढतायत. ते गेलेत हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण तोंडावर सांगायचं कसं? ती पाय आखडून त्यांना जागा करते.

"सर, आकाशगंगेच्या कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात, तरी..."

"तेच बघायला आलोय. धर नीट."

धरायला लाकडी घोड्याचे कान आहेत. दिवाण कुठे गेला कोण जाणे. सरांच्या गावची जत्रा आहे, चक्री गरगर फिरते आहे आणि आतल्या घोड्यांवर काकूंची पातेली बसली आहेत. मध्ये खांब आहे, पण घोड्यांना जोडणाऱ्या दांड्याच नाहीत.

"या वेगानं कडेचे घोडे केव्हाच भिरकावले जायला हवेत," ती ओरडते. "न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे!"

"सगळे तेच म्हणतात. दिसत नाही, सापडत नाही, पण आहे म्हणे!" चाळीस वर्षं सर याच मुद्द्यावर जगाशी भांडले. "अगो, धरणारं कोणी नाही. गुरुत्वाची ओढ फार क्षीण झाली की तिचा नियमच बदलतो. लांब गेल्यावर जितकी कमी व्हायला हवी, तितकी ती होत नाही."

"आपल्या आकड्यांत तो नियम बसत नाही, सर."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

सरांचा चेहरा पडतो. तिला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की तिची जीभ सुटते.

"मग तुमचं काय? तुम्हीही दिसत नाही, तरी ओढता आहातच की!"

"मी नाहीच आहे," सर शांतपणे म्हणतात. "लांब गेलोय. ओढ कमी झाली नाही, इतकंच."

हे बरोबर आहे की चूक, तिला ठरवता येत नाही. आकडे आठवावेत तर पातेल्यांतून वाफ येते.

"सर, तुमचं नाव ठेवू की काढू?"

"ठेव." घोडे खांबाला वळसा घालतात. पलीकडून सर म्हणतात, "काढ."

"अहो, नक्की काय?"

"आधी हे खा." ते तिच्या मुठीत खाजं कोंबतात, जत्रेतलं, गुळात घोळवलेलं.

"चहा टाकू का गं?"

काकू दिवाणापाशी उभ्या आहेत. शाल्मली उठून बसते. तिची बोटं एकमेकांना चिकटली आहेत. काकू तिचा हात उचलून हुंगतात.

"गूळ. आलं पण आहे," त्या म्हणतात. "घरात तर खाजं नाही."

"सर आले होते."

काकू खाली बसतात. "काय म्हणाले?"

"एकदा ठेव म्हणाले, एकदा काढ."

"मग तेच होते." काकूंना हसू येतं आणि त्यातच रडू फुटतं. "ठेव बाई त्यांचं नाव. चुकले असतील तर नावानिशी चुकू देत. लपून भांडले नाहीत कधी."

हयात नसलेल्या लेखकाच्या नावापुढे खंजिराची खूण करतात. शाल्मली लॅपटॉप ओढते आणि ती खूण करते. बटणाला गूळ लागतो. तो पुसावा की राहू द्यावा, तिला काही सुचत नाही.