देवाशप्पथ, शुक्रवारी

बाजारात त्यांना सगळे शप्पथमास्तर म्हणत. हे नाव लोकांनी आपल्याला प्रेमाने दिलंय, असं मास्तरांना बरीच वर्षं वाटत होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. जिन्याखालचं दुकान, नऊ फूट बाय सात. आत दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर वरपर्यंत फळ्या, त्यांवर कपड्यांची गाठोडी. हात असा की कोटाला बसवलेली कॉलर दहा वर्षं मान वर करायची नाही. शिलाईत खोट काढायची कुणाची टाप नव्हती. खोट होती ती तारखेत. "मास्तर, कधी मिळेल?" असं विचारलं की ते गळ्यातली टेप सरळ करायचे, बोट वर छताकडे दाखवायचे आणि ठणकावून सांगायचे, "देवाशप्पथ, शुक्रवारी!" शुक्रवारी गिऱ्हाईक दारात आलं की, "देवाशप्पथ, नुसती काजं-बटणं राहिलीत. सोमवारी या." काजं-बटणं करायची मास्तरांची बायको. ती शेजारच्या मशीनवर मान खाली घालून बसलेली असायची. ज्या कपड्याला अजून कात्रीसुद्धा लागलेली नाही, त्याची बटणं आपल्या नावावर खपवली जाताहेत हे ऐकून ती दातांनी दोरा जरा जोरातच तोडायची.

माणूस लबाड नव्हता. त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही, एवढंच. समोरच्याचा पडलेला चेहरा बघवायचा नाही, म्हणून पुढचा शुक्रवार दाखवून तो फुलवायचा. आणि रविवारी चर्चमध्ये तर मास्तरांचा थाट काय विचारता! शास्त्रवाचन, म्हणजे बायबल मोठ्याने वाचणं, त्यांचंच. आवाज खणखणीत, शब्द सुटे आणि स्वच्छ. चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "मास्तर वाचतात तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होतात."

तर अशा या दुकानात एकदा एक भूगोलाच्या बाई आल्या. शेजारच्या शाळेत शिकवायच्या. हातात आईचा गडद निळा कोट. आई निवृत्त परिचारिका होती. सात महिन्यांच्या दुखण्यातून नुकतीच उठलेली, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. तिच्या जुन्या वॉर्डातल्या सगळ्याजणी अठरा तारखेला जमणार होत्या आणि तिला तिथे आपल्याच कोटात जायचं होतं. "मी आजारी दिसायला नको, मी दिसायला हवी," असं तिचं म्हणणं.

"बाजू आत घ्यायच्या, खांदा उतरवायचा, अस्तर नवं," मास्तरांनी कोट उलटा करून बघितला. "तीन आठवडे आहेत ना? देवाशप्पथ, येत्या शुक्रवारी न्या!"

बाई शुक्रवारी आल्या. मग पुढच्या मंगळवारी आल्या. मग सोळा तारखेला. दर वेळी देवाची शपथ ताजी आणि कोट गाठोड्यात तसाच. अठरा तारखेच्या सकाळी त्या कोट न्यायला चौथ्यांदा आल्या, तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"देवाशप्पथ, दोन तासांत…" मास्तरांनी बोट वर केलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आई माझा कोट घालून जाईल. पण मास्तर, एक सांगू? तुमच्या देवाबद्दल मला काहीच माहीत नाही. जे काही ऐकलंय ते याच दुकानात. चारदा त्याचं नाव ऐकलं आणि चारही वेळा खोटं निघालं."

आणि त्या गेल्या. उभ्या असलेल्यांपैकी एकजण फिसकन हसला. सवयीने मास्तरही हसले. मग सुईत दोरा ओवायला बसले, तर तो काही केल्या ओवता येईना. शेवटी बायकोने सुई काढून घेतली आणि स्वतः ओवून दिली.

रविवारी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना सांगायला मास्तर पुढे उभे राहिले. सगळी मंडळी त्यांच्या मागून म्हणणार. पहिलीच मागणी, देवाचं नाव पवित्र मानलं जावं अशी. तिथे मास्तरांचा आवाज अडकला. हजारदा म्हटलेली ओळ, पण आज ती कुणीतरी आपल्यालाच विचारतंय असं वाटलं. कुणाच्या तोंडून पवित्र? त्या बाईंच्या? त्यांना ते नाव माहीत झालं कुणामुळे? पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून पुढची ओळ उचलली, म्हणून वेळ निभावली.

घरी जाताना बायको म्हणाली, "मला वाटलं घसा बसला."

"घसा नाही बसला गं," मास्तर म्हणाले. "चर्चमध्ये मी त्याचं नाव मान झुकवून घेतो, आणि दुकानात तेच नाव शिलाईला जामीन ठेवतो. आणि पुन्हा जामीन बुडवतो."

"मी पंचवीस वर्षं काय वेगळं सांगतेय?"

"तू तारखांबद्दल सांगत होतीस."

"मग तारखा कोणाच्या नावावर देत होतात?" ती चालता चालता थांबली. "आता उगाच तोंड पाडून बसू नका. उद्या सगळी गाठोडी खाली काढू."

सोमवारी गाठोडी खाली आली. सतरा निघाली. एका पँटच्या मालकाने तर तोवर दुसऱ्या शहरात बदली करून घेतली होती. दोघांनी मिळून प्रत्येक कपड्यावर चिठ्ठी टाचली, होईल तीच तारीख लिहिली, आणि मास्तर बाकी प्रत्येकाकडे जाऊन ती सांगून आले. काहींनी खडसावलं. मास्तरांनी मुकाट ऐकून घेतलं.

गंमत केली ती बाजारातल्या एका गालिचेवाल्याने, त्याचा सूट गाठोड्यात पडून होता. "गुरुवारी चार वाजता," असं मास्तरांनी सांगितलं तर तो संशयाने बघायलाच लागला. "शपथ नाही घेतली? म्हणजे नक्कीच होणार नाही!"

"शपथ बंद. गुरुवारी चार वाजता," मास्तर म्हणाले. "नाही मिळालं तर मला खोटा म्हण. दुसऱ्या कुणाला मध्ये आणायचं नाही."

गुरुवारी साडेतीनला सूट इस्त्री होऊन टांगलेला होता. गालिचेवाला पावणेचारला नुसता मजा बघायला आला होता. सूट घेऊन जाताना दोनदा मागे वळून बघत गेला.

सगळंच काही असं साजरं झालं नाही. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने वेटरांची बावीस जॅकेटं आणली, बारा दिवसांत हवीत म्हणाला. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. शब्द मास्तरांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी कपड्याचा गठ्ठा हाताने चाचपला, मनात हिशेब केला आणि म्हणाले, "अठरा दिवस लागतील. बारा दिवसांत होणार नाहीत." मॅनेजर समोरच्या दुकानात गेला. तिथे ते काम लागलं आणि मास्तरांना रोज दिसत राहिलं. त्या संध्याकाळी बायकोने न मागता दोनदा चहा केला.

निळा कोट मास्तरांनी सगळ्यांत आधी हातात घेतला होता, पण घाई केली नाही. नवं अस्तर घातलं, बाह्या उसवून पुन्हा लावल्या आणि स्वतः बाईंच्या घरी घेऊन गेले. म्हातारीने तो आरशासमोर घातला, बटणं लावली आणि ताठ उभी राहिली. लेकीचे डोळे भरून आले. "सुरेख झालाय हो!"

तिथेच थांबलं असतं तर चाललं असतं. पण मास्तर मागे जाऊन उभे राहिले. "नाही. डावा खांदा अजून अर्धा इंच उतरतोय. परत नेतो. बुधवारी संध्याकाळी देतो."

"देवाशप्पथ?" म्हातारीने आरशातूनच विचारलं. लेकीने घरी सगळं सांगितलं असणार. डोळ्यांत मिस्कील हसू.

मास्तरांचे कान तापले. "नाही, बाई. नुसतं बुधवारी." मग जरा थांबून लेकीकडे वळले. "त्या दिवशी तुम्ही बोललात ते खरं होतं. खोटा मी होतो. तो नाही. तुमच्या आईंचा अठरा तारखेचा दिवस मला परत आणता येणार नाही. त्याची माफी मागतो."

बाईंनी मास्तरांसाठी खुर्ची पुढे सरकवली.

बुधवारी संध्याकाळी खांदा बरोबर बसला. म्हातारी कोट काढेचना, तशीच सोफ्यावर बसून राहिली. "हिला बाजारात कळलं, तुम्ही रविवारी चर्चमध्ये वाचन करता," ती म्हणाली. "मला आता डोळ्यांनी वाचवत नाही. आणि तो कसा आहे, ज्याचं नाव घ्यायला तुम्ही आता इतके बिचकता, ते मला ऐकायचंय. वाचून दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मास्तर आले, बायकोलाही घेऊन आले, आणि बायबल उघडलं. चर्चभर घुमणारा तो आवाज त्या छोट्या खोलीत त्यांना खाली आणावा लागला. म्हातारी मध्ये मध्ये प्रश्न विचारायची. वॉर्डात पस्तीस वर्षं मरणं बघितलेल्या बाईचे प्रश्न ते, सोपे कसे असतील? दोनांची उत्तरं मास्तरांनी दिली. तिसऱ्याला म्हणाले, "हे मला माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारून सांगतो."

"विचारा," म्हातारी म्हणाली आणि कोटाच्या खिशात हात घालून आरामात मागे टेकली. "पुढे वाचा."

आतल्या खोलीत भूगोलाच्या बाई वह्या तपासत होत्या. मास्तरांच्या बायकोला तिच्या जागेवरून त्या दिसत होत्या. लाल पेन कधीचं वहीवर आडवं पडलं होतं, आणि बाई खुर्ची दाराकडे वळवून ऐकत बसल्या होत्या.